बारा लिटरचा डीह्युमिडिफायर: भाड्याच्या घरातल्या ओलीवर किती कामाचा?

भाड्याच्या घरात ओलीवर पैसे घालताना एक हिशेब आधी करावा लागतो: भिंत आपली नाही. तिला दिलेला रंग, वॉटरप्रूफिंगचा हात, बुजवलेल्या भेगा, सगळं घर सोडताना मालकाकडेच राहतं. आणि ओल भिंतीच्या आतून येत असेल तर ते काम मुळात मालकाचंच. भाडेकरूने विकत घ्यावं ते उचलून नेता येईल असं. या कसोटीला उतरणारी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे डीह्युमिडिफायर, हवेतलं पाणी काढून टाकीत साठवणारं मशीन. बाजारात मुठीएवढ्या खेळण्यापासून ५० लिटरच्या (लिटर म्हणजे दिवसाला निघणारं पाणी, टाकी नव्हे) धुडापर्यंत सगळं मिळतं. इथे परीक्षण आहे ते एक-दोन खोल्यांसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या १० ते १२ लिटरच्या, कॉम्प्रेसरवाल्या मशीनचं. एकच ब्रँड निवडलेला नाही, कारण या वर्गात कव्हर काढलं की आत जवळपास तेच दिसतं: कॉम्प्रेसर, एक गार आणि एक गरम कॉइल, पंखा, आणि टाकी भरली की मशीन बंद करणारा तरंगता खटका. फरक पडतो तो आवाजात, सेन्सरच्या जागेत आणि टाकीच्या आकारात.

निकाल आधीच सांगतो. हवेतली वाफ गार भिंतीवर जमून जी ओल येते, तिच्यावर हे मशीन उत्तम. छतातून, पाइपातून किंवा जमिनीतून येणाऱ्या ओलीवर ते निव्वळ वीज जाळतं, आणि वर मालकाला ‘आता वास येत नाही ना, मग झालं’ म्हणायला जागा करून देतं. म्हणून मशीनचा विचार करण्याआधी ओल कुठली आहे ते ठरवायचं.

ओल कुठली?

वाफेची ओल कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीभोवती, बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे दिसते. काळे-हिरवे ठिपके, कडा अशी नाही, भिंतीला हात लावला तर गार आणि किंचित चिकट. गळतीची ओल वेगळी. तिच्या डागाला पिवळट-तपकिरी कडा असते, एकात एक वर्तुळं असतात, आणि ती पाऊस पडल्यावर किंवा वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर वापरल्यावर वाढते. जमिनीतून चढणारी ओल फक्त तळमजल्यावर सापडते. ती फरशीपासून साधारण एक मीटरपर्यंत येते, आणि तिच्याबरोबर हमखास लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा क्षारांचा थर, येतो, रंगाचे पोपडे सुटतात, गिलावा भुसभुशीत होतो.

लोण्याला बुरशी समजण्याची चूक फार होते. ओलं बोट फिरवून बघा. लोणा म्हणजे क्षार, तो पाण्यात विरघळून नाहीसा होतो. बुरशी बोटाला काजळीसारखी फासली जाते. टॉर्च भिंतीला समांतर धरली तर लोण्याचे बारीक स्फटिक चमकतात, बुरशी मखमलीसारखी मंद दिसते. लोणा दिसला की समजायचं, पाणी भिंतीतून बाहेर येतंय. तिथे मशीनचा काही उपयोग नाही.

शंका उरली तर प्लास्टिकची चाचणी. साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, डागाच्या कडेच्या जागेवर चारही बाजूंनी हवाबंद चिकटवायचं आणि २४ ते ४८ तास तसंच ठेवायचं. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर वाफेची ओल, भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीतली. चिकटवायला रंगारी वापरतात ती कागदी टेप घ्या. पॅकिंगची तपकिरी टेप काढताना रंग घेऊन येते, आणि मग अनामत रकमेतून कपात. ओल्या, भुकटी सुटलेल्या रंगावर टेप टिकत नाही, त्यामुळे आधी ती कड कोरड्या कपड्याने पुसून घ्यायची.

मशीनच्या आधी आर्द्रतामापक

डीह्युमिडिफायरसोबत आकडा दाखवणारा पडदा येतो, म्हणून बरेच जण वेगळा आर्द्रतामापक घेत नाहीत. घ्यावा, आणि दोन घ्यावेत. साधे डिजिटल मापक ५ टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून घरी आणल्यावर मिठाची चाचणी करायची. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. विरघळून पाणी झालं तर चाचणी फसली. ते झाकण आणि मापक एकाच हवाबंद पिशवीत, एकमेकांना न टेकता, ऊन आणि पंखा टाळून निदान आठ तास ठेवायचं. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल तर मागे चिठ्ठी लावा: ‘अधिक ५’.

दुसरा मापक कशाला? कारण खोलीच्या मधला आकडा बुरशीला ठाऊक नसतो. तिला ठाऊक असते ती भिंतीच्या त्वचेवरची आर्द्रता. समजा खोली २६ अंशांवर आहे आणि मधला मापक ६५ टक्के दाखवतोय. ठीकठाक वाटतं. पण कपाटामागची बाहेरची भिंत २२ अंशांवर असेल, तर त्याच हवेची आर्द्रता भिंतीला टेकल्यावर ८३ टक्क्यांच्या आसपास जाते. पृष्ठभागावर ८० टक्क्यांच्या वर दिवसामागून दिवस राहिलं की बुरशीला उगवायला पाणी दिसायची गरज उरत नाही. ‘भिंत तर कोरडी आहे, मग काळं कसं झालं’ या प्रश्नाचं उत्तर या १८ टक्क्यांच्या फरकात आहे.

याच हिशेबातून मशीनवर लावायचा आकडाही ठरतो. खोली ६० वर आणली तर तीच भिंत ७६ वर येते, म्हणजे जेमतेम सुटका. ५५ वर आणली तर ७०, आणि तिथे बुरशी थांबते. मशीन ५५ वर ठेवा. ४५ वर ठेवलं तर वीज उगाच जास्त जाते.

बारा लिटर म्हणजे किती?

खोक्यावरचे १२ लिटर हे २४ तासांत, बहुतेक वेळा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत काढलेलं पाणी असतं. ही अट खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असते. काही देशांतल्या चाचण्या गार आणि कोरड्या हवेत होतात, तिथे त्याच मशीनवर निम्मा आकडा छापलेला दिसेल. म्हणून दोन मशिनींची तुलना करताना आधी अट जुळते का ते बघायचं, लिटर नंतर. प्रत्यक्षात खोली ६० टक्क्यांच्या जवळ आली की १२ लिटरवालं मशीन दिवसाला पाच-सहा लिटरवर येतं, आणि गार खोलीत त्याहून खाली. ही फसवणूक नाही. हवेत पाणी कमी उरलं की काढायलाही कमीच असतं.

मग १२ लिटर लागतातच कशाला? ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली घ्या. हवा ३६ घनमीटर. ३० अंशांवर ही हवा ८० वरून ५५ टक्क्यांवर आणायला फक्त कपाहून जरा जास्त, म्हणजे २७५ ग्रॅमच्या आसपास पाणी काढावं लागतं. तरी पहिल्या दिवशी टाकी दोनदा भरते. ते पाणी हवेतलं नव्हे. ते गादीतलं, पडद्यांतलं, पुस्तकांतलं, गिलाव्यातलं. हवा कोरडी पडली की हे सगळं आपली ओल हळूहळू सोडू लागतं, आणि तीन-चार दिवस सोडतच राहतं. त्यात रात्री झोपलेली दोन माणसं श्वास आणि घामातून अर्धा-पाऊण लिटर घालतात. घरात वाळत घातलेले यंत्रातून पिळून निघालेले पाच किलो कपडे दोन लिटरच्या वर. कपड्यांचा हा एकच आकडा डोळ्यांसमोर ठेवला तरी मशीन कुठे ठेवायचं ते कळतं: कपडे वाळतात त्या खोलीत, दार लावून. दोरी आणि मशीन यांच्यात हातभर अंतर, वर पंखा मंद. साधारण खोलीत कपडे रात्रीत वाळतात आणि भिंती वाचतात.

खिडक्या बंदच हव्यात. उष्ण, दमट पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवून मशीन लावणं म्हणजे बाहेरची हवा कोरडी करायला घेणं. दाराच्या फटींतूनही थोडं येतच राहतं: तासाला खोलीतली निम्मी हवा बदलली, तर वरच्या उदाहरणात दिवसाला तीनेक लिटर पाणी नुसतं फटींतून आत येतं. थंड प्रदेशातल्या हिवाळ्यात गणित उलटं आहे. बाहेरची हवा गार आणि म्हणून पाण्याने गरीब असते, तिथे दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडणं फुकटात बरंच काम करतं. नियम एकच: बाहेरचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते ते) आतल्यापेक्षा खाली असेल तर उघडा. हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये दवबिंदू दिसतो. आतला काढायला तापमान आणि आर्द्रता पुरते. २५ अंश आणि ६० टक्क्यांना तो १७ च्या जरा खाली येतो.

वीज, उष्णता, आवाज

या वर्गातली मशीन साधारण २०० ते २५० वॉट घेतात. आठ तास चाललं तर दीड ते दोन युनिट. दमट हवेत एका युनिटला दोन लिटरच्या आसपास पाणी निघतं, ५५-६० टक्क्यांशी एका लिटरच्या जरा वर. घेताना लिटरला वॉटने भागून बघा, अट तीच असेल तर हा आकडा ब्रँडच्या नावापेक्षा जास्त खरं बोलतो.

जी तक्रार सगळ्यात जास्त होते आणि जिच्यावर इलाज नाही ती उष्णतेची. मशीन जेवढी वीज घेतं ती सगळी खोलीत उष्णता म्हणून राहते, आणि वाफेचं पाणी होताना प्रत्येक लिटरमागे आणखी पाऊण युनिटच्या जरा खाली उष्णता सुटते. बंद खोली दोन-तीन अंशांनी तापते. थंडीत वरदान, उन्हाळ्यात शिक्षा. झोपायच्या खोलीत दिवसा चालवावं आणि रात्री बंद करावं, हा त्यातला शहाणा मार्ग. शिवाय नुसत्या तापण्यानेही आर्द्रतेचा आकडा उतरतो: २८ अंश आणि ७० टक्क्यांची हवा ३० अंशांवर गेली की एक थेंबही न काढता मापक ६२ दाखवतो. म्हणून कुठल्याही उपकरणाची परीक्षा घेताना आर्द्रतेसोबत तापमान लिहा, आणि टाकीतलं पाणी मोजा. टाकी खोटं बोलत नाही.

आवाज ४० ते ५० डेसिबल, म्हणजे जुना फ्रिज आणि त्यावर मध्यम पंखा. कॉम्प्रेसर चालू होतानाचा धक्का हलक्या झोपेच्या माणसाला जागं करतो. खाली जाड रबरी चटई टाकली की खालच्या मजल्याकडे जाणारी थरथर बरीच कमी होते.

उणिवा, आणि त्या का येतात

सेन्सर मशीनच्या आतच, हवा शिरते तिथे बसवलेला असतो. मशीनच्या तोंडाशी हवा आधीच कोरडी आणि कोमट झालेली, त्यामुळे पडद्यावर ५० दिसतं, कोपऱ्यात ६५ असतं, आणि मशीन ‘झालं काम’ म्हणून थांबतं. अशा वेळी ज्या कोपऱ्याची काळजी आहे तिथल्या मापकावर विश्वास ठेवायचा आणि मशीनवर पाच-दहा अंक खाली लावायचे. मशीन भिंतीला चिकटवून ठेवलं तर हा घोटाळा वाढतो. चारही बाजूंना निदान वीतभर जागा सोडा.

टाकी लहान असते. १२ लिटरच्या मशीनला दोन-तीन लिटरची टाकी, म्हणजे दमट दिवसांत पाच-सहा तासांत भरून मशीन बंद. घरात दिवसभर कोणी नसेल तर नळी लावावी लागते. नळी बहुतेक मशिनींच्या मागे लावता येते, पण आत पंप नसतो. पाणी उतारानेच जातं. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही, तेव्हा मशीन न्हाणीघराच्या दाराबाहेर मजबूत, न डगमगणाऱ्या स्टुलावर ठेवायचं आणि नळी आतल्या जाळीपर्यंत सरळ उतारावर न्यायची. मधे एक झोळ राहिला किंवा नळीचं टोक पाण्यात बुडालं की हवा अडते आणि पाणी उलट टाकीत किंवा फरशीवर येतं. मशीन न्हाणीघराच्या आत ठेवायचं नाही. वीज आणि उडणारं पाणी एकत्र नको.

फिल्टर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. धुळीने भरला की हवा कमी शिरते, गार कॉइल शून्याखाली जाते आणि उष्ण खोलीतसुद्धा तिच्यावर बर्फ धरतो. मशीन चालू, पाणी शून्य, ही तक्रार घेऊन लोक दुरुस्तीला जातात आणि खरं तर जाळी धुवायची असते. पंधरा दिवसांतून एकदा नळाखाली धुवून, पूर्ण वाळवून परत लावा. जाळी स्वच्छ असून, खोली २० अंशांच्या वर असून, कॉम्प्रेसर घरघरत असून तासाभरात थेंबही आला नाही, तर बहुधा कॉइल गार करणारा आतला वायू गळला आहे. या वर्गात ती दुरुस्ती सहसा परवडत नाही. वॉरंटी घेताना कॉम्प्रेसरची आणि वायूची वेगळी विचारा.

खोलीचं तापमान १५ अंशांच्या खाली जात असेल तर हे मशीन घेऊच नका. बर्फ वितळवण्यातच त्याचा वेळ जातो. तिथे डेसिकंट प्रकार घ्यावा: आत झिओलाइटसारखा द्रव्यलेप असलेली चकती फिरते, ती पाणी शोषते आणि हीटर ते सोडवतो. तो हलका असतो, गारठ्यातही तितकंच पाणी काढतो, पण एका युनिटला साधारण अर्धा-पाऊण लिटरच, आणि बाहेर पडणारी हवा दहा अंशांहून जास्त तापलेली. उष्ण प्रदेशात तो घरात आणणं म्हणजे शेगडी आणणं.

टाकीतलं पाणी पिण्याचं नाही, भांड्यांचंही नाही. कॉइलवरची धूळ आणि बुरशीचे बीजाणू त्यात असतात. संडासात ओता. टाकी आठवड्यातून एकदा साबणाने घासली नाही तर तिच्या तळाशी बुळबुळीत थर धरतो, आणि ओलीवर आणलेलं मशीन स्वतःच कुबट वास मारू लागतं.

एक सावधगिरी: हे मशीन एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवा. आणि जुनं मशीन घेत असाल तर मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक परत मागवलेल्या यादीत आहे का बघा. ग्री कंपनीने बनवलेले आणि वेगवेगळ्या बारा ब्रँडच्या नावांनी विकले गेलेले वीस लाखांहून जास्त डीह्युमिडिफायर आगीच्या धोक्यामुळे २०१३ साली अमेरिकेत परत मागवले होते. वरती नाव कुणाचंही असो, आत मशीन एकच असतं, हे त्यातूनही दिसतं.

बाकीच्या वस्तू, थोडक्यात

पेल्टिअर चिपवाला (कॉम्प्रेसरऐवजी विजेने एका बाजूला गार होणारी चिप असलेला) छोटा डबा, दिवसाला ३०० ते ५०० मिली काढतो असं सांगणारा: खोलीसाठी नाही. तेवढं पाणी दोन माणसं एका रात्रीत हवेत सोडतात, आणि हा आकडाही ८० टक्क्यांच्या हवेतला. बंद कपाटात ठेवायचा तर चालेल, पण त्या कामाला वीज न लागणाऱ्या वस्तू आहेत.

कॅल्शियम क्लोराईडचे डबे कपाटात खरंच काम करतात. पांढरे खडे ओल खाऊन खाली पाणी होतात. उघड्या खोलीत चार डबे ठेवून काही होत नाही. खाली साचलेलं द्रावण सांडू देऊ नका: ते वाळत नाही, चामडं आखडवतं, लोखंड गंजवतं आणि लाकडी फरशीवर कायमचा डाग पाडतं. लोंबत्या पिशव्यांपेक्षा बसका डबा बरा, तो सगळ्यात खालच्या फळीवर, कपडे न टेकतील असा. सिलिका जेल महाग पडतं पण परत वापरता येतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं, नारिंगी दाणे घ्या. कॅमेरा, कागदपत्रं, चामडी बूट यांच्यासाठी हेच.

हवा शुद्ध करणारं मशीन हेपा फिल्टरचं असेल तर उडणारे बीजाणू पकडतं, ओलीला हात लावत नाही. ओझोन सोडणारी उपकरणं घरात आणू नयेत. माणसाला सोसेल एवढ्या ओझोनने बुरशी मरत नाही, आणि बुरशी मरेल एवढा माणसाला सोसत नाही.

आधीच आलेली बुरशी

डीह्युमिडिफायर बुरशी थांबवतो, पुसत नाही. वाळलेली, मेलेली बुरशीही नाकाला आणि छातीला त्रास देते, त्यामुळे ती हाताने काढावी लागते. एक चौरस मीटरच्या आतला डाग घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल किंवा परत परत त्याच जागी येत असेल, तर काम मालकाने नेमलेल्या माणसाचं. दमेकरी, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने हे करू नये, त्या वेळी खोलीतही थांबू नये.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. पंखा बंद, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. सुका ब्रश मारायचा नाही. त्याने बीजाणू घरभर होतात. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचा द्रवसाबण, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि डागाच्या बाहेरून आत एकेकच हात फिरवायचा. फडक्याची घडी दर हाताला बदलायची, नाहीतर आपणच ती पसरवतो. वापरलेली फडकी बांधलेल्या पिशवीतून कचऱ्यात. मग जंतुनाशक, दहा मिनिटं ओलं ठेवून, स्वच्छ पाण्याने पुसून, लगेच पंखा आणि मशीन लावून सुकवणं.

जंतुनाशक कुठलं, इथे दुकानातले फवारे गोंधळ घालतात. बहुतेक ‘झटपट’ फवाऱ्यांत सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच असतं. फरशीच्या टाइल्स, काच, सिरॅमिक यांवर ते छान. रंगाच्या भिंतीवर ते डागाचा रंग उडवतं, पाणी गिलाव्यात मुरतं, आतले धागे जगतात आणि तीन आठवड्यांत ठिपके परत. शिवाय रंगीत भिंतीवर फिकट चट्टा उरतो, जो घर सोडताना बुरशीपेक्षा जास्त वाद घालतो. रंगाच्या भिंतीसाठी बेन्झाल्कोनियम क्लोराइडचा फवारा किंवा ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड बरं, तेही आधी कपाटामागच्या न दिसणाऱ्या जागी तपासून. ब्लीच वापरायचंच तर एका लिटर पाण्यात ६० मिलीपेक्षा जास्त नको. संडास धुण्याच्या आम्लाबरोबर किंवा अमोनिया असलेल्या काच-क्लीनरबरोबर ते कधीच एकत्र येता कामा नये. त्यातून विषारी वायू निघतो.

बेसिनच्या कडेच्या सिलिकॉनमधले काळे ठिपके आत रुजलेले असतात, ते घासून जात नाहीत. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण कापून, जागा वाळवून, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरायचं आणि २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. मालकाला आधी सांगून. बुरशीरोधक रंग मात्र स्वतःच्या पैशाने मारू नका. बुरशीवरून मारला तर तो पापुद्र्यासकट सुटतो, आणि भिंतीत ओल असेल तर आतून लावलेला जलरोधक थर फुगे धरतो.

टाकीची वही

मशीनचा एक उपयोग विकणारे सांगत नाहीत. रोज किती लिटर पाणी ओतलं ते तारखेसह लिहून ठेवायचं, सोबत कोपऱ्यातल्या मापकाचा आकडा. वाफेची ओल असेल तर पहिल्या चार दिवसांत टाकी भरभरून येते आणि दोन आठवड्यांत निम्म्याच्याही खाली उतरते. बाहेर कोरडं आहे, खिडक्या बंद आहेत, कपडे आत वाळत नाहीत, आणि तरीही आकडा रोज तोच येतोय? मग भिंत कुठूनतरी पाणी पितेय. ही वही, प्लास्टिकच्या चाचणीचा आणि डागाचा तारखेसह फोटो, डागाच्या कडेला पेन्सिलीने मारलेली रेघ आणि आठवड्याने तिच्याबाहेर गेलेला डाग, एवढं लेखी तक्रारीसोबत मालकाला पाठवलं की ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून होतं’ हे उत्तर टिकत नाही. घर बघायला जातानाही मापक खिशात असू द्या. नव्याने रंगवलेला एकच कोपरा आणि बंद घरात ७५ टक्के, ही जोडी दिसली की रंग कधी दिला ते विचारायचं.

जुनं मशीन घेणार असाल तर वीस मिनिटं चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जाळी काढून आतली कॉइल बघायची: सगळीकडे सारखं दव धरलं पाहिजे. फक्त एका टोकाला बर्फ आणि बाकी कोरडी, म्हणजे वायू कमी. बाहेर पडणारी हवा कोमट हवी. टाकीतला तरंगता खटका बोटाने उचलला की मशीन थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर पहिल्याच रात्री फरशी भिजेल.

घर बदलताना टाकी रिकामी करा, नुसता पंखा चालू ठेवून दोन तास आतली कॉइल वाळवा, नळी काढून ती तोंड खाली करून टांगा. मशीन टेम्पोत उभंच न्यायचं. आडवं झालंच तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, म्हणून नव्या घरात २४ तास उभं ठेवून मगच सुरू करा. काही मशिनींत आर-२९०, म्हणजे प्रोपेन भरलेला असतो, पट्टीवर ज्वालेचं चिन्ह असतं. ते आपटू नये, आणि मागे लिहिलेल्या क्षेत्रफळापेक्षा लहान खोलीत लावू नये.